प्रति: नर्सला सोनोग्राफीत काय कळणार?

वर कुणीतरी विचारलंय, 'पोट भरलंय की रिकामं हे नर्सने सोनोग्राफीवर कसं ठरवायचं? ते रेडिओलॉजिस्टचं काम.' अहो, ऑपरेशननंतरच्या पेशंटचं जठर नर्सने खाटेपाशीच सोनोग्राफीवर बघावं, एवढंच म्हणणं आहे; निदान करायचंच नाहीये. प्रश्न एकच: जठरात काही साठलंय का?

ऑपरेशननंतर आतडी सुस्तावतात. पेशंटला मळमळतं, पोट फुगतं, आणि आपण स्टेथोस्कोप लावून गुडगुड ऐकत बसतो. त्या आवाजावर खरं तर फारसा भरवसा ठेवता येत नाही. त्यापेक्षा पेशंटला उजव्या कुशीवर वळवा, छातीच्या हाडाखाली प्रोब (सोनोग्राफी मशीनचं अंगावर टेकवायचं टोक) शरीराच्या उभ्या रेषेत धरा. यकृताच्या डाव्या भागामागे जठराचं खालचं टोक दिसतं. रिकामं असेल तर चपटं, पाणी असेल तर काळं, नुकतंच प्यायलेलं असेल तर त्यात चांदण्यांसारखे बुडबुडे.

जठरात किती मिली द्रव आहे हे काढायचं टोरांटोच्या डॉ. अनाही पर्लास यांच्या गटाचं सूत्र सोपं आहे: २७ + १४.६ × पडद्यावर दिसणाऱ्या त्या टोकाच्या छेदाचं क्षेत्रफळ (चौ. सेंमी) − १.२८ × वय. साठीच्या माणसात १० चौ. सेंमी आलं, तर साधारण ९६ मिली. वजन ६० किलो असेल तर हे रिकाम्या पोटासाठी धरल्या जाणाऱ्या किलोमागे दीड मिलीच्या मर्यादेच्या जरा वर, म्हणजे डॉक्टरांना कळवायचं. जठराचीच शस्त्रक्रिया झाली असेल तर हे गणित विसरा. आणि पोटावर मधोमध टाके असले की ड्रेसिंग नेमकं तिथेच आडवं येतं!

आपल्याकडची खरी अडचण कौशल्याची नाही, १९९४ च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याची. मशीन नोंदणीकृत, वापरणारा पात्र डॉक्टरच. कायद्यामागचं कारण मान्य, पण रात्रपाळीच्या सिस्टरच्या हाती शेवटी स्टेथोस्कोपच उरतो.