देव न मानणाऱ्याने दहाव्याला रामकुंडावर बसावे का?

गोदाकाठी : गेल्या महिन्यात वडिलांचा दहावा नाशिकच्या रामकुंडावर झाला. मी देव मानत नाही, हे घरात सर्वांना ठाऊक आहे. तरीही आईच्या शब्दाखातर मी दर्भाचे पवित्रक बोटात घालून बसलो, पिंड ठेवले आणि कावळ्याची वाट पाहत उभा राहिलो. कावळा शिवेना. शेवटी आत्याने पुढे होऊन हात जोडले आणि, "दादा, वहिनीला आम्ही अंतर देणार नाही," असे म्हटले. थोड्या वेळाने कावळा आला. कावळ्याने ते ऐकले असे मी मानत नाही. पण आम्ही दहा-बारा जणांनी ते ऐकले आणि आता ते पाळणे आमच्याकडे आहे.

परतताना एका नातलगांनी विचारले, की पाप-पुण्य मानत नाहीस, तर तुला चांगले वागायला कोण भाग पाडते? माझे उत्तर असे, की आईला एकटे टाकले तर तिचे काय होईल हे मला कळते आणि ते कळणे हेच मला पुरेसे बंधन वाटते. जी रूढी कोणाला नागवत नाही, कोणाला बाहेर ठेवत नाही, तीत मी आप्तांसाठी सामील होतो. म्हणून दहाव्याला बसलो. मात्र घराण्यात दोष आहे असे भय घालून कोणी त्र्यंबकेश्वरी नारायण नागबळी करण्यास सुचवले, तेव्हा स्पष्ट नकार दिला.

पंचवटीकर : आपले उत्तर प्रामाणिक आहे, पण अपुरे आहे. आईचे दुःख दिसते, कारण ती आई आहे. माझ्या आजोबांचे किराणा दुकान होते. पुन्हा कधी न येणाऱ्या गिऱ्हाइकालाही त्यांनी मापात मारले नाही, कारण "वरचा बघतो आहे" ही त्यांची खात्री होती. आत्याबाईंचे वचनही दादा ऐकत आहेत या श्रद्धेतूनच निघाले. ती श्रद्धा उद्या उरली नाही, तर अशी वचने कोण देईल?

सातपूरहून : आजोबांविषयी आदर आहे. पण २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिरापुढे अस्पृश्यांच्या मंदिरप्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा दरवाजे बंद करणाऱ्यांनाही वरचा बघतो आहे अशीच खात्री होती. वर्षानुवर्षे ती खात्री आणि तो अन्याय एकत्र नांदले, हे आपण कसे समजून घेता?

पंचवटीकर : तो अन्याय होता, हे मी निःसंदिग्धपणे मान्य करतो. परंतु दाराबाहेर उभ्या असलेल्यांतही रामाचे नाव घेणारे होते. दोष श्रद्धेचा नव्हे, जातीच्या अहंकाराचा होता.

गोदाकाठी : तसे असेल, तर श्रद्धेतले काय ठेवावे आणि काय टाकावे हे ठरवणारा विवेक श्रद्धेच्या आधी येतो, माझे म्हणणे तेवढेच आहे. १९३५ साली येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली आणि १९५६ साली जो धम्म स्वीकारला, त्यात सृष्टिकर्ता ईश्वर नाही. तरी पंचशील आहे.

एक आई : आपण सर्व नीतीविषयी बोलत आहात, मला दुःखाविषयी विचारायचे आहे. २००३ च्या सिंहस्थात चेंगराचेंगरीत ३९ भाविक गेले. देवाच्या दारी आलेली माणसे अशी का गेली, याला माझ्याजवळ उत्तर नाही. पण माझे मूल गेले, तेव्हा भांडायला मला देव होता. नास्तिक बाई कोणाशी भांडते?

गोदाकाठी : ताई, ३९ जणांविषयी मी एवढेच म्हणू शकतो, की तेथे देवाची योजना शोधण्यापेक्षा अरुंद वाट आणि न आवरलेली गर्दी पाहिली, की पुढच्या वेळी जीव वाचवता येतात, २०१५ चे सिंहस्थ तशा दुर्घटनेविना पार पडले. मात्र आपल्या प्रश्नाला हे उत्तर लागू पडत नाही, हे मला कळते. वडील गेल्यानंतर माझ्याही मनात राग होता आणि तो कोणावर काढावा हे मला सापडले नाही. आत्या रात्री आईच्या उशाशी येऊन बसत असे. मीही तेथेच जाऊन बसलो.

पंचवटीकर : वर्षश्राद्धाला बसणार का?

गोदाकाठी : आईने सांगितले, तर बसेन. पिंडाला हात आत्यानेही लावावा, एवढी एक अट तिच्यापुढे ठेवणार आहे.