फिलाडेल्फियाचं फ्रँकलिन पोस्ट: हाताने शिक्का मारून देतात का?

ओसरीतलं_पोस्ट (नाशिक):
नमस्कार मंडळी. सिन्नर तालुक्यात 31 वर्षं ब्रँच पोस्टमास्तर होतो. पोस्ट म्हणजे आमच्याच घराची ओसरी. एका कोपऱ्यात टपालाची पेटी, दुसऱ्यात कांद्याची पोती. आता लेकीकडे न्यूजर्सीला चाललोय. फिलाडेल्फियात बेंजामिन फ्रँकलिनच्या काळासारखं मांडलेलं पोस्ट आहे म्हणे. लेक म्हणते, "बाबा, इतक्या लांब येऊन पोस्टच बघणार?" मला तिथून माझ्याच नावाने नाशिकला एक कार्ड टाकायचंय. जमेल?

भटक्या_सातपूर:
काका, नक्की जा. 316 मार्केट स्ट्रीट. उघडलं 1975 साली, पण थाट 1775 चा. त्याच वर्षी जुलैत फ्रँकलिन पोस्टमास्तर जनरल झाला. बाहेर अमेरिकेचा झेंडा नाही, कारण 1775 मध्ये तो झेंडाच नव्हता! शिक्का हाताने मारतात, 'बी. फ्री फ्रँकलिन' असा. त्याची पत्रं फुकट जायची, त्यासाठी सहीबरोबर 'फ्री' लिहायचं. पठ्ठ्याने तो शब्द नावाच्या मधेच घुसवला. जुन्या टपालाचा संग्रह छोटासाच आहे, बघायला तासाभराच्या वर लागत नाही.

प्रेसवाल्याचा_मुलगा:
परदेशी टपालाचं 'ग्लोबल फॉरेव्हर' तिकीट मागा, त्यांचं देशातल्या टपालाचं साधं एकच लावलंत तर पुरणार नाही. आणि हाताचा शिक्का हवा तर कार्ड पेटीत टाकू नका, काउंटरवरच द्या. (वडील नाशिकरोडच्या प्रेसमध्ये होते, 1926 पासून तिकिटं छापतात तिथे. म्हणून हा नाद.) गंमत म्हणजे अमेरिकेत 1847 पर्यंत सरकारी तिकिटंच नव्हती. पैसे बहुतेकदा पत्र घेणाऱ्याने मोजायचे. 1845 पर्यंत टपालखर्च कागदागणिक, पाकीट म्हणजे आणखी एक कागद, मग ते कोण वापरणार? तोच कागद दुमडायचा आणि लाख लावायची.

ओसरीतलं_पोस्ट:
म्हणजे जवळजवळ सगळंच टपाल बैरंग, आधी पैसे न भरलेलं! त्या पोस्टमास्तरांची दया आली. आमच्याकडे एखादं बैरंग आलं की दुप्पट पैसे मागायचे कुणाकडे, तर रोज ओसरीवर चहाला बसणाऱ्याकडे. कितीदा गुपचूप खिशातून भरलेत.
बरं, चकचकीत कार्डावर शाई फिसकटते, तेव्हा साधं जाडच घेईन. पत्ता मराठीत चालेल?

भटक्या_सातपूर:
चालेल, पण शहर, पिन आणि देश इंग्रजीतही लिहा. आणि काका, कार्ड पोचलं की फोटो टाका इथे.

ओसरीतलं_पोस्ट:
टाकतो. शिक्का वाकडा बसला असेल तरी टाकतो.