पासवर्ड लक्षात ठेवून वैताग आलाय, काही सोपा उपाय?

निळीशाई:
पन्नासेक अकाउंट झालीत आणि सगळीकडे एकच पासवर्ड, फक्त शेवटचा आकडा बदलते, चुकीचं आहे माहितीये पण लक्षात तरी किती ठेवायचं? आईबाबांचे पण मीच सांभाळते. सुरक्षित राहील आणि डोक्याला ताप होणार नाही असं काही आहे का?

कळफलक:
एकच पासवर्ड आधी बंद करा, एक साइट फुटली की तोच ईमेल-पासवर्ड चोर बाकी शंभर ठिकाणी लावून बघतात. पासवर्ड मॅनेजर घ्या, म्हणजे सगळे पासवर्ड कुलुपात सांभाळणारं अ‍ॅप, त्यातलं बिटवॉर्डन फुकटात पण मिळतं, लक्षात एकच मास्टर पासवर्ड ठेवायचा, चार-पाच असंबद्ध शब्दांचा. आणि उगाच दर महिन्याला बदलू नका, अमेरिकेच्या निस्ट या सरकारी मानक संस्थेनेही २०१७ च्या नियमावलीत तेच सांगितलंय.

रात्रपाळी:
जिथे पासकी (पासवर्डऐवजी वापरायची, फोनमध्ये साठवलेली डिजिटल किल्ली) चालते तिथे सरळ तीच लावा, आईबाबांना तर नक्कीच. अंगठा लावला की लॉगिन, टाइप काही करायचंच नाही. ती खऱ्या साइटच्या पत्त्यालाच बांधलेली असते त्यामुळे हुबेहूब खोटी साइट असली तरी तिथे चालतच नाही. पासवर्डनंतर टाकायचा, दर ३० सेकंदांनी बदलणारा अ‍ॅपमधला कोड मात्र माणूस फसून खोट्या पानावर टाकू शकतो, मला हा फरक फार मोठा वाटतो.

निळीशाई:
पण फोन हरवला तर?

कळफलक:
रिकव्हरी कोड, म्हणजे फोन नसताना अकाउंट उघडायचे कोड, कागदावर लिहून घरात नीट ठेवा, हे आजच करा. सुरुवात ईमेलपासून, बाकी सगळ्यांचे रीसेट तिथेच येतात.