धमनिकेत प्रवाह वाढला की भिंतीतलं नायट्रिक ऑक्साइड वाढतं की घटतं?

धमनिका_मॉडेल
३० मायक्रोमीटर व्यासाच्या धमनिकेचं (बारीक रोहिणीचं) साधं संगणकीय मॉडेल आहे: आत रक्त, मग एंडोथेलियमचा (वाहिनीच्या आतल्या अस्तराच्या पेशींचा) थर, बाहेर अरेखित स्नायू. नायट्रिक ऑक्साइड अस्तरात बनतं, स्नायूला सैल करून वाहिनी रुंदावतं, आणि रक्तातलं हिमोग्लोबिन ते शोषून घेतं. ईनॉसची (अस्तरातल्या नायट्रिक ऑक्साइड बनवणाऱ्या विकराची) निर्मिती भिंतीवरच्या शिअर स्ट्रेसच्या (वाहतं रक्त भिंतीला घासून देतं त्या ताणाच्या) प्रमाणात ठेवली आहे. रक्तातलं शोषण प्रवाहाच्या प्रमाणात धरलं आहे, कारण प्रवाह दुप्पट झाला की दर सेकंदाला दुप्पट तांबड्या पेशी येणार. पण मग प्रवाह दुप्पट केल्यावर स्नायूतलं नायट्रिक ऑक्साइड जवळपास तेवढंच राहतं, आणि प्रत्यक्षात तर प्रवाह वाढला की वाहिनी रुंदावते. गृहीतकात काय चुकतंय? भिंतीलगतचा पेशीविरहित थर (तांबड्या पेशी नसलेला प्लाझ्माचा पट्टा) वेगळा दाखवायला हवा का? शिवाय निर्मितीचा आकडा पडताळायला पॅरलल-प्लेट फ्लो चेंबर (दोन सपाट काचांमधल्या फटीतून पेशींवर द्रव वाहवणारं उपकरण) वापरलं, तर ग्रीस चाचणीत (ती नायट्रिक ऑक्साइडपासून बनणारं नायट्राइट मोजते) पार्श्वभूमीपेक्षा जास्त काहीच का दिसत नाही?

रक्तप्रवाही
शोषणाचं गृहीतकच काढून टाका. लिटरमागे १५० ग्रॅम हिमोग्लोबिन म्हणजे साधारण ९.३ मिलिमोलर हीम (हिमोग्लोबिनचा नायट्रिक ऑक्साइड पकडणारा लोहयुक्त भाग). नायट्रिक ऑक्साइड असतं नॅनोमोलरमध्ये. १०० नॅनोमोलर धरलं तरी हीम जवळजवळ लाखपट जास्त. ते संपतच नाही, त्यामुळे नव्या पेशी किती वेगाने येतात याला शोषणात काही अर्थ उरत नाही. शोषणाचा दर = स्थिरांक × त्या जागचं हिमोग्लोबिन × त्या जागचं नायट्रिक ऑक्साइड. यात प्रवाह कुठेच नाही.

स्थिरांक निवडताना मात्र जपा. मोकळ्या हिमोग्लोबिनचा आकडा संपूर्ण रक्ताला लावला तर शोषण शेकडो पटींनी फुगतं. पेशीपर्यंत पसरत पोचायला आणि पेशीत शिरायला वेळ लागतो, म्हणून हिमोग्लोबिन पेशीत बंद असलं की अभिक्रिया मंदावते. संपूर्ण रक्तात अर्धायु (निम्मं नायट्रिक ऑक्साइड संपायला लागणारा वेळ) १ ते २ मिलिसेकंद धरा.

तेवढ्या वेळात प्रवाह त्याला किती पुढे नेईल तेही काढून बघा. मध्यभागी वेग सेकंदाला १० मिलिमीटर असला तरी २ मिलिसेकंदांत २० मायक्रोमीटर, म्हणजे वाहिनीच्या एका व्यासापेक्षाही कमी. भिंतीपाशी तर वेग शून्याकडे जातो. त्यामुळे लांबीच्या दिशेचं वहन या मॉडेलमध्ये सोडलं तरी चालेल. त्रिज्येच्या दिशेचा प्रसार नीट सोडवणं जास्त महत्त्वाचं.

सूक्ष्म_प्रवाह
वरच्याशी पूर्ण सहमत. प्रवाहाचा परिणाम तीन वाटांनी येतो: शिअर स्ट्रेस, त्या तुकड्यातला हिमॅटोक्रिट (रक्तातला तांबड्या पेशींचा वाटा) आणि पेशीविरहित थराची जाडी.

शिअर स्ट्रेसचा अंदाज: सरासरी वेग सेकंदाला ५ मिलिमीटर, व्यास ०.०३ मिलिमीटर, तर भिंतीवरचा शिअर रेट (भिंतीपासून दूर जाताना वेग किती झपाट्याने बदलतो तो दर) ८ × ५ ÷ ०.०३, सुमारे १,३३० प्रति सेकंद. विष्यंदिता (द्रवाचा दाटपणा) २.५ मिलिपास्कल-सेकंद धरली तर ३.३ पास्कल, म्हणजे ३३ डाइन प्रति चौरस सेंटीमीटर. धमनिकेला हा आकडा शोभतो. निर्मिती मात्र सरळ रेषेत वाढवू नका, ती एका पातळीला जाऊन थांबते. ऑक्सिजन हा ईनॉसचा कच्चा माल आहे, तेव्हा त्याच्यावरचं अवलंबनही जोडा.

हिमॅटोक्रिट वाहिनीत शिरताना ४५ टक्के असला तरी ३० मायक्रोमीटरच्या नळीच्या आत तो साधारण ३४ टक्क्यांवर उतरतो. पेशी मध्यभागातून वेगाने निघून जातात, हाच फाऱ्हेउस परिणाम. शोषणाला हा आतला आकडा वापरा.

आता थर. तो वेगळा दाखवायलाच हवा. २ मायक्रोमीटरचा थर ओलांडायला नायट्रिक ऑक्साइडला सुमारे ०.६ मिलिसेकंद लागतात (प्रसारणांक, म्हणजे पसरण्याच्या वेगाचं माप, ३,३०० चौरस मायक्रोमीटर प्रति सेकंद). तेवढ्या पट्ट्यात त्याला खाणारं जवळपास कुणी नसतं, म्हणून थर जाड झाला की स्नायूकडे जास्त पोचतं. पण याला दुसरी बाजू आहे आणि ती बऱ्याचदा निसटते: प्रवाह तेवढाच ठेवून थर जाड झाला की भिंतीजवळचा द्रव पातळ होतो, शिअर स्ट्रेस घटतो आणि निर्मितीही घटते. संथ प्रवाहात पेशी एकमेकींना चिकटून थर रुंदावतात तेव्हा हे दोन्ही परिणाम एकदम चालू असतात. प्राण्यांमध्ये हे चिकटणं दीर्घकाळ वाढवल्यावर ईनॉसचं प्रमाण घटलेलं आढळलं आहे. म्हणजे शोषण घटलं म्हणून निव्वळ पातळी वाढेलच असं गृहीत धरू नका.

आणखी एक. मॉडेलमध्ये वाहिनी रुंदावू देणार असाल तर प्रवाह स्थिर की दाब-उतार स्थिर, हे आधी ठरवा. प्रवाह स्थिर असेल तर त्रिज्या २६ टक्के वाढताच शिअर स्ट्रेस निम्मा होतो, कारण तो त्रिज्येच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असतो. दाब-उतार स्थिर असेल तर तो त्रिज्येच्या सम प्रमाणात उलट वाढतो. पहिल्यात वाहिनी स्वतःला आवरते, दुसऱ्यात आणखी रुंदावत जाते. चिन्हच बदलतं.

पेशीकक्ष
चेंबरबद्दल. शिअर स्ट्रेस = ६ × विष्यंदिता × प्रवाह ÷ (रुंदी × उंचीचा वर्ग). ३७ अंशांना माध्यमाची विष्यंदिता ०.७ मिलिपास्कल-सेकंद, रुंदी १ सेंटीमीटर आणि उंची २०० मायक्रोमीटर असेल तर १५ डाइनसाठी मिनिटाला सुमारे ८.६ मिलिलिटर लागतात. उंची वर्गात आहे, म्हणून गॅस्केट दाबलं जाऊन १८० मायक्रोमीटर झालं की तोच प्रवाह १५ ऐवजी साडेअठरा डाइन देतो. स्क्रू आवळून झाल्यावर उंची सूक्ष्मदर्शकाने मोजून घ्या. पेरिस्टाल्टिक पंपाचे ठोके शांत करायला डॅम्पर लावा आणि चेंबरच्या आधी बुडबुडे अडवा, कारण एक बुडबुडा पेशींची अख्खी पट्टी सोलून नेतो.

ग्रीस चाचणीला साधारण १ मायक्रोमोलरच्या खालचं नायट्राइट विश्वासाने कळत नाही. माध्यम एकदाच वाहून जाऊ दिलंत तर सगळं पातळ होऊन त्याच्याही खाली जातं. कमी आकारमानाचं फिरतं वर्तुळ ठेवा, काही तास चालवा आणि पेशींविना चालवलेलं तेच वर्तुळ पार्श्वभूमी म्हणून वजा करा. तरीही न दिसल्यास ट्रायआयोडाइडसह केमिल्युमिनेसन्स (नायट्राइटचं पुन्हा नायट्रिक ऑक्साइड करून अभिक्रियेतला प्रकाश मोजणं) वापरा, ते नॅनोमोलरपर्यंत जातं. नायट्रेट रिडक्टेजची पायरी (नायट्रेटचं नायट्राइट करून तेही मोजणं) घेणार असाल तर आरपीएमआय १६४० हे पेशी वाढवायचं माध्यम टाळा: त्यात मुळातच सुमारे ०.८५ मिलिमोलर नायट्रेट आहे, पेशींची भर त्यात हरवून जाते. एल-नेमचा (ईनॉस रोखणाऱ्या रसायनाचा) नियंत्रण प्रयोग हवाच.

डॅफ-एफएम या नायट्रिक ऑक्साइडमुळे चमकणाऱ्या रंगद्रव्यावर विसंबलात तर लक्षात ठेवा, त्याची चमक साठत जाते, उलटत नाही. वाहत्या माध्यमात रंगद्रव्य पेशीतून निघूनही जातं.

वेग आणि शिअर स्ट्रेस वेगळे काढायचे असतील तर प्रवाह तोच ठेवून डेक्स्ट्रानने (द्रव दाट करणाऱ्या शर्करा-साखळीने) विष्यंदिता दुप्पट करा. शिअर स्ट्रेस दुप्पट होतो, पण शिअर रेट आणि वेग तेवढेच राहतात.

धमनिका_मॉडेल
स्थिरांक बदलतो आणि थर वेगळा करतो. प्लाझ्मात मोकळं हिमोग्लोबिन असेल तर ते थरातही जाईल ना?

रक्तप्रवाही
हो, आणि तिथेच ते घातक ठरतं. अभिक्रियेचा स्थिरांक ५ कोटी प्रति मोलर प्रति सेकंद धरा. प्लाझ्मात फक्त १० मायक्रोमोलर मोकळं हीम असलं तरी अर्धायु सुमारे १.४ मिलिसेकंद येतं, म्हणजे अख्ख्या रक्ताएवढं शोषण, तेही थेट भिंतीला लागून. सिकलसेलसारख्या आजारात तांबड्या पेशी फुटल्यावर वाहिन्या आकसण्याचं हे एक मोठं कारण. मॉडेलमध्ये थराला शोषणाचं वेगळं पद द्या आणि मोकळं हीम ० ते २० मायक्रोमोलर बदलून बघा.