डी अँड डी पहिल्यांदाच खेळतोय, डीएम मलाच केलंय, नेमकं काय काय लागतं?

कृष्णाकाठचा_गॉब्लिन (सांगली):
नमस्कार मंडळी. विश्रामबागला आम्ही चौघं कॉलेजपासूनचे दोस्त, पाचवा हिंजवडीला नोकरीला आहे तो व्हिडिओ कॉलवर असतो. त्यानंच पुण्यात कुणाकडं तरी एकदा डंजन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी, प्रत्येकानं एक पात्र घेऊन गोष्ट पुढं न्यायचा फाशांचा खेळ) खेळला आणि तेव्हापासून आमचं डोकं खाल्लंय. नियम वाचायचा सगळ्यांना कंटाळा, म्हणून डीएम, म्हणजे गोष्ट सांगून डाव चालवणारा, मी. मागच्या रविवारी पहिला डाव मांडला. कॅरेक्टर बनवण्यातच साडेतीन तास गेले, आईनं दोनदा चहा दिला, तिसऱ्यांदा नुसतीच बघून गेली. मग कुठं जंगलातल्या वाटेवर सहा गॉब्लिन (छोटे राक्षस) आले आणि पहिल्याच बाणात आमच्या विझार्डचे (जादूगाराचे) आठच्या आठ हिट पॉइंट (किती मार सोसेल तो आकडा) गेले, मी सांगितलं मेलास. एवढं खपून बनवलेला गडी चार मिनिटांत गेला, मित्र भडंगाची पिशवी उचलून गॅलरीत जाऊन बसला तो परत आलाच नाही.

तर आता विचारायचं असं की फाशांचा सेट एकच आहे, सात फाशांचा, प्रत्येकाला वेगळा लागतो का? पात्रं दाखवायच्या त्या छोट्या मूर्त्यांच्या किमती बघून डोळे फिरले, त्याशिवाय चालतं का? अ‍ॅप कुठलं घ्यावं? आणि ती तीन जाडजूड पुस्तकं सगळी वाचायला लागतात का, खरं सांगा.

किल्लेदार_डीएम (सातारा):
गड्या, आधी तो विझार्ड जिवंत कर, तो मेलेलाच नाही! शून्यावर आला की माणूस नुसता बेशुद्ध पडतो. मग त्याची पाळी आली की दर वेळी डी२० (वीस बाजूंचा फासा) टाकायचा, १० किंवा वर आलं तर एक खूण जगण्याकडं, खाली आलं तर एक मरणाकडं. जगण्याच्या तीन झाल्या की स्थिर, मरणाच्या तीन झाल्या की खेळ खलास. थेट २० पडला तर १ हिट पॉइंट घेऊन उठूनच बसतो, आणि १ पडला तर मरणाकडं दोन खुणा एकदम. मधे कुणी हीलिंग केलं तर लगेच शुद्धीवर. जागच्या जागी मरायला शून्यावर आल्यानंतरही उरलेला मार त्याच्या पूर्ण हिट पॉइंटएवढा लागतो, म्हणजे तुझ्या विझार्डला एकाच फटक्यात १६ बसायला हवे होते. आमच्या डावात सगळ्यात जास्त आरडाओरडा याच फाशांवर होतो, तुम्ही नेमकी तीच मजा घालवली.

दुसरं म्हणजे सहा गॉब्लिन! पहिल्या लेव्हलच्या चार गड्यांवर चार सोडले तरी नियमाप्रमाणं तो डाव जीवघेणा धरतात, तू सहा सोडलेस. दोन सोड, फार तर तीन. एका गॉब्लिनला हिट पॉइंट ७ आणि आर्मर क्लास (त्याला फटका बसायला फाशावर बोनस धरून लागणारा आकडा) १५, एवढं चिठ्ठीवर लिहून समोर ठेव म्हणजे दर वेळी पानं उलटायला नकोत.

पुस्तकं आत्ता विकत घेऊ नकोस. मूळ नियमांचा एसआरडी नावाचा भाग नेटवर फुकट मिळतो, २०२३ पासून तो क्रिएटिव्ह कॉमन्स लायसन्सवर आहे. फक्त एक बघ, २०१४ चे नियम आणि २०२४ चे सुधारलेले नियम यात फरक आहेत, आणि यूट्यूबवर निम्मे लोक हे सांगतात निम्मे ते, तर एकच धरून चाल. मी वर सांगितलं ते २०१४ चं.

कॅरेक्टर पहिल्यांदा तयारच वापरायची, फुकट मिळतात. स्वतः बनवायचीच असतील तर आकडे फाशानं काढत बसू नका, १५, १४, १३, १२, १०, ८ हे सहा आकडे सहा गुणांना वाटून टाका, संपलं. आणि डीएमला खरं लागणारं गणित एवढंच: गड्यानं काही करायचं म्हटलं की त्यानं डी२० टाकायचा, त्यात त्याचा बोनस मिळवायचा, सोपं काम असेल तर १० लागतात, मध्यम असेल तर १५, अवघड असेल तर २०. नियम आठवला नाही तर १५ धरून पुढं जा, घरी जाऊन वाच.

नकाशाचं म्हणशील तर मी पहिला डंजन (खेळातली धोक्याची जागा) अजिंक्यताऱ्यावरनं उचलला. दोन दरवाजे, बुरूज, पाण्याची तळी, फक्त तळ्यात एक भूत टाकलं. सगळ्यांनी तो गड धापा टाकत चढलेला, त्यामुळं मला वर्णन करायलाच लागलं नाही, ‘मागच्या दरवाज्यानं जाऊया’ हे त्यांनीच सुचवलं.

मिरजेची_बार्ड (मिरज):
मी बार्ड (गाणारं-वाजवणारं पात्र) खेळते आणि माझ्या बार्डच्या हातात सतारच आहे, मिरजेत राहून दुसरं काय देणार :)

मूर्त्या अजिबात घेऊ नका. आमच्याकडं कॅरमच्या सोंगट्या म्हणजे गॉब्लिन आणि ल्युडोच्या गोट्या म्हणजे आपण. क्वीन म्हणजे बॉस, लांबून कळतं. नकाशाला चार्ट पेपरवर एक एक इंचाचे चौकोन आखून घ्या (एक चौकोन म्हणजे ५ फूट) आणि झेरॉक्सवाल्याकडनं लॅमिनेट करून आणा, त्यावर व्हाइटबोर्डच्या मार्करनं काढायचं न् फडक्यानं पुसायचं. पर्मनंट मार्कर घेऊ नका, आमच्याकडं एक गुहा दीड वर्ष तशीच आहे.

लढाईत कुणाची पाळी कुणानंतर हे विसरायला होतं ना, त्याला कपडे वाळत घालायचे चिमटे. प्रत्येकाचं नाव चिमट्यावर लिहायचं आणि इनिशिएटिव्हच्या (लढाईच्या सुरुवातीला फाशानं ठरलेल्या पाळीच्या) क्रमानं वहीच्या पुठ्ठ्याला लावायचे. यापेक्षा चांगलं साधन मला तरी अजून सापडलेलं नाही.

फासे एक सेट चालतो, पण डी२० दोन तरी हवेत, अ‍ॅडव्हांटेज (परिस्थिती आपल्या बाजूची) असला की दोन टाकून मोठा घ्यायचा असतो. आणि तो चार बाजूंचा टोकदार फासा पायाखाली आला की देव आठवतो, तो हरवला तर आठचा टाका आणि निम्मं करा, अर्धा आला तर वर धरा.

रात्रपाळी_विझार्ड (कराड):
हिंजवडीवाल्यासाठी आऊलबेअर रोडिओ बघा, ब्राउझरमध्ये उघडतं, नकाशाचा फोटो टाकला की तो तिकडनं स्वतःची सोंगटी हलवतो. रोल२० या साइटवर सगळंच आहे पण ते शिकण्यात तुमचा अजून एक रविवार जाईल. एकाच माणसासाठी खरं तर दुसरा फोन डब्याला टेकवून नकाशाकडं तोंड करून ठेवला तरी भागतं. फासे त्याचे त्याला टाकू द्या, खोटं बोलला तर बोलला.

मिरजेची_बार्ड (मिरज):
खोटं बोलू द्या काय! आमच्यातल्या एकाला लागोपाठ चार वेळा २० पडले होते कॉलवर. कॅमेऱ्यासमोर टाकायला लावा.

कृष्णाकाठचा_गॉब्लिन (सांगली):
आयला, १६ चं तर मला माहीतच नव्हतं. आत्ताच त्याला फोन केला की तू मेला नाहीस बेशुद्ध आहेस, तर म्हणतो आठवडाभर तसाच पडलोय का मग. येत्या रविवारी तिथनंच सुरू करतो, पहिली पाळी त्याचीच, डी२० टाकायला लावतो. गॉब्लिन दोनच ठेवतो, बाकीचे चार घाबरून पळाले असं सांगितलं तर चालेल का?

किल्लेदार_डीएम (सातारा):
पळालेले जाऊन मोठ्या गॉब्लिनला सांगणार असं म्हण, पुढच्या रविवारची सोय झाली.