आप्पांची तिकिटं: काही चिकटली, काही सुरळी झाली, काय करू?

रत्नागिरीची_लेक

नमस्कार मंडळी. मला तिकिटांमधलं काहीही कळत नाही, आधीच सांगते. माझे वडील (आप्पा) शाळामास्तर, पन्नासेक वर्षं पोस्टाची तिकिटं जमवत होते. ते गेल्या वर्षी गेले, आई माझ्याकडे पुण्याला, त्यामुळे रत्नागिरीचं घर अख्खा पावसाळा बंद होतं. ऑक्टोबरमध्ये जाऊन उघडलं तर कपाटातून तो वास, तुम्हाला माहीतच असेल. अकरा स्टॉकबुकं आहेत (पानांवरच्या आडव्या पट्ट्यांमध्ये तिकिटं खोचून ठेवायच्या वह्या), सगळी एकावर एक आडवी ठेवलेली. खालच्या दोन बुकांत कोरी तिकिटं पट्टीला मागून चिकटून बसलीयत, आठ तरी असतील. काहींवर तपकिरी ठिपके आलेत.

आता माझा शहाणपणा. ओल घालवायची म्हणून मी मोठाली तिकिटं (मिनिएचर शीट म्हणतात ना ती) पडवीत उन्हात पसरली, पापड वाळवतात तशी. तासाभराने बघते तर सगळ्यांची सुरळी! अक्षरशः पेन्सिलीभोवती गुंडाळल्यासारखी. आता ती सपाट कशी करायची? आई म्हणते, सुती कापड ठेवून हलकी इस्त्री फिरव. करू का? कपाट मात्र स्वच्छ करून टाकलंय, जुनी वर्तमानपत्रं, खडूच्या पुरचुंड्या, मेलेली झुरळं, दोन पिशव्या कचरा निघाला.

नाशिककर_६२

ताई, इस्त्रीचं नावसुद्धा काढू नका! हे मी अनुभवाने बोलतोय. कॉलेजात असताना गांधी शताब्दीच्या १९६९ च्या सेटमधलं ५ रुपयांचं तिकीट, कोरं, असंच वळलं होतं म्हणून मी वर बटरपेपर ठेवून इस्त्री फिरवली. तिकीट सपाट झालं खरं पण मागचा गोंद वितळून बटरपेपरला असा बसला की आजही ते दोघं एकत्रच आहेत. चाळीस वर्षांचा संसार.

आता सुरळी का झाली ते सांगतो म्हणजे पुढे काय करायचं नाही ते आपोआप कळेल. कोरं तिकीट म्हणजे दोन थर, पुढे कागद आणि मागे गोंद. दोघंही हवेतलं पाणी पितात आणि सोडतात, पण सारख्या प्रमाणात नाही. चार महिने दमट हवेत राहून दोघं फुगले, मग तुम्ही एकदम उन्हात टाकलंत, गोंद भराभर आकसला आणि त्याने कागदाला आपल्या बाजूला ओढलं. म्हणून बघा, सुरळीच्या आत गोंदाची बाजू असेल, चित्र बाहेर. शिवाय कागदाचे तंतू एका दिशेने असतात, ओल लागली की ते जाडीला फुगतात, लांबीला फारसे नाही, म्हणून तिकीट नेहमी एकाच दिशेने वळतं, दुसरीकडून वळत नाही.

हा रोग जुनाच आहे. अमेरिकेत एकेकाळी तिकिटं छापताना उन्हाळ्यासाठी कडक गोंद आणि थंडीसाठी मऊ गोंद वापरायचे, आणि गोंदाचा थर मुद्दाम रुळांखाली मोडायचे, म्हणजे तो सलग ओढणार नाही. आमच्या नाशिकला तर सिक्युरिटी प्रेस, तिकिटं छापायचं गाव, तरी एप्रिल-मे मध्ये घरात तिकीट उघडं ठेवलं की संध्याकाळपर्यंत बोटाएवढी नळी.

उपाय एकच, काही करू नका. म्हणजे उलट्या बाजूने वळवून सरळ करायला जाऊ नका, गोंदाला बारीक भेगा पडतात आणि पुढे त्या भेगा कागदातही उतरतात. सुरळ्या सावलीत, घरातल्या साध्या हवेत दोन दिवस राहू देत, आपोआप थोड्या सैल होतील. मग ग्लासीनच्या (गुळगुळीत, अर्धपारदर्शक कागद असतो तो) दोन कागदांमध्ये घालून वर एक पुस्तक, जाडजूड शब्दकोश नको, साधी कादंबरी बास. आठ-दहा दिवस बघायचं नाही.

मडगावचो_पोस्टमन

नाशिककरांनी सगळं सांगितलंच, मी फक्त दमटपणाचं बोलतो कारण आमच्याकडे तोच एक ऋतू आहे बाकीचे नावाला.

ताई, आडवी रचलेली बुकं हा खरा घोटाळा. दहा बुकांचं वजन सगळ्यात खालच्यावर, त्यात जुलैत हवेतली आर्द्रता नव्वदीच्या आसपास, गोंद ओलसर होतो आणि वरून दाब, चिकटणारच. स्टॉकबुकं उभी ठेवायची, पुस्तकांसारखी, आणि गच्च कोंबायची नाहीत, मध्ये बोट जाईल इतकी हवा खेळली पाहिजे. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, विशेषतः बाहेरची भिंत असेल तर, पावसात ती भिंत आतून घाम धरते.

एक हायग्रोमीटर, म्हणजे हवेतली आर्द्रता मोजायचं यंत्र, घ्या, छोटा डिजिटल, ऑनलाइन मिळतो, फार महाग नसतो. ४५ ते ५५ टक्के ही तिकिटांची आवडती आर्द्रता. कोकणात एसीशिवाय ती मिळत नाही हे कबूल, पण ६० च्या खाली आणि स्थिर राहिली तरी खूप झालं. मला विचाराल तर आकड्यापेक्षा स्थिर हे जास्त महत्त्वाचं. रोज रात्री एसी आणि दिवसा खिडक्या उघड्या, हे तिकिटांना सततच्या दमटपणापेक्षा वाईट, रोज फुगायचं रोज आकसायचं.

पूर्वी आमच्याकडे कपाटात खाली झिरो बल्ब लावून ठेवायचे, कपाट कोमट राहायचं. आता लोक तिथे एलईडी लावतात आणि म्हणतात उपयोग होत नाही, अहो तो तापतच नाही तर उपयोग काय होणार! मी फोटोग्राफरवाले ड्राय कॅबिनेट घेतलं, लेन्सला बुरशी येऊ नये म्हणून वापरतात ते, ५० वर सेट करून विसरून गेलोय. ते नको असेल तर घट्ट झाकणाचा मोठा प्लास्टिकचा डबा आणि आत सिलिका जेल. केशरी दाणे घ्या, पाणी पिऊन हिरवे झाले की ओव्हनमध्ये ११०-१२० डिग्रीला दीड-दोन तास, परत केशरी. निळे दाणे मिळतात पण त्यात कोबाल्ट असतं, घरात लहान मुलं असतील तर नकोच. आणि जेल बुकाच्या आत नाही ठेवायचं, डब्याच्या कोपऱ्यात. फार भरूही नका, नाहीतर तुमची पडवीची गोष्ट डब्यात घडेल.

वेखंडवाली_आजी

आमच्या सासूबाई पोथ्यांमध्ये वेखंड आणि कडुनिंबाचा पाला ठेवायच्या, एकाही पोथीला कसर लागली नाही. तांदळाच्या डब्यात पण ठेवतात ना मोबाईल भिजला की. डांबरगोळ्या तर आहेतच.

मडगावचो_पोस्टमन

आजी, वेखंड कपाटात पुरचुंडीत ठेवा, बुकात नको, डाग पडतात. कडुनिंबाचा पाला वाळलेला असला तरी पावसात तोच ओल धरतो. तांदूळ नकोच, ओल नावालाच ओढतात आणि वर सोंडकिडे फुकट. डांबरगोळ्यांचा वायू काही प्लास्टिकच्या पाकिटांना मऊ करतो, मग ते पाकीटच तिकिटाला चिकटतं. कसरीला गोंद फार आवडतो हे मात्र खरं, तिला ओलसर अंधार लागतो, ओल गेली की तीही जाते.

प्लास्टिकवरून आठवलं, ताई, आप्पांची काही तिकिटं फोटो अल्बममध्ये असतील, त्या चिकट पानांवर फिल्म ओढायची असते त्यात, तर आधी ती बाहेर काढा. पीव्हीसीची पाकिटंही. मी एकदा दुकानदाराने 'इम्पोर्टेड' म्हणून गळ्यात मारलेली पाकिटं वापरली, तीन वर्षांनी सगळ्या तिकिटांवर तेलकट थर. पॉलिस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीन विचारूनच घ्या.

दुबईचा_अव्या

इथे उलटं आहे, बाहेर समुद्राची दमट हवा आणि आत एसी चोवीस तास. बाबांनी दिलेली कोरी तिकिटं मी टेबलावर मोकळी ठेवली होती, दोन आठवड्यांत गोंद चरचरला, उजेडात धरलं की मागे काचेला तडे गेल्यासारखं दिसतं. तेव्हापासून बुकाबाहेर काही ठेवत नाही. तरी पण चिकटलेल्या आठांचं काय, ते कोणी सांगितलंच नाही?

नाशिककर_६२

हो राहिलंच. ताई, आधी ठरवा की गोंद वाचवायचा आहे का. तिकीट साधं असेल, दहा-वीस रुपयांचं, तर गोंदाचा मोह सोडा. जमली तर ती पट्टी कापून घ्या, साध्या कोमट पाण्यात तिकिटासकट बुडवा, सुटेल. मग गोंद पूर्ण धुवा, अर्धवट राहिला की वाळताना परत वळतं, हे नवख्यांना कळत नाही आणि ते टिपकागदाला दोष देतात. टिपकागदात घालून वजनाखाली वाळवा, वर्तमानपत्रात नको, शाई उतरते.

गोंद वाचवायचाच असेल तर दोन रस्ते. एक फ्रीजर. तिकीट आणि त्यामागची पट्टी झिपच्या पिशवीत हवा काढून बंद, काही तास फ्रीजरमध्ये. थंडीने गोंद ठिसूळ होतो, बाहेर काढल्या काढल्या, दव धरायच्या आत, हलकेच वाकवून बघायचं, कधीकधी टप्पकन सुटतं. नाही सुटलं तर जोर लावू नका. दुसरा रस्ता दमट डबा: झाकणाच्या डब्यात तळाला ओला पिळलेला स्पंज, वर जाळी, जाळीवर तिकीट, पाणी लागता कामा नये, नुसती वाफ. दर अर्ध्या तासाने बघायचं, मऊ झालं की चिमट्याने सोडवायचं. यात गोंद थोडा बिघडतोच, आणि काही शाया ओल सहन करत नाहीत. त्यामुळे पहिला प्रयोग सगळ्यात फालतू तिकिटावर.

तपकिरी ठिपके जात नाहीत. बुरशीचं काम आहे ते. नेटवर लोक पेरॉक्साइड वगैरे लावायला सांगतात, कागद पांढरा होतो आणि रंगही. ठिपकेवाली वेगळ्या बुकात ठेवा म्हणजे बाकीच्यांना लागण नको. आणि २००६ चं चंदनाच्या वासाचं तिकीट असेल तर तेही एकटंच ठेवा. २०११ चं खादीवर छापलेलं १०० रुपयांचं गांधींचं असेल तर ते तर कापडच आहे, बुरशीची मेजवानी.

रत्नागिरीची_लेक

सगळ्यांचे खूप आभार. तीन आठवडे झाले म्हणून अपडेट देते. सुरळ्या झालेल्या शीटपैकी सगळ्या सपाट झाल्या, एका कोपऱ्याला किंचित उचल आहे तेवढीच, कादंबरी आईची होती, तिला अजून शेवट कळलेला नाही कारण मी उघडू दिली नाही. आठांपैकी तीन फ्रीजरमधून निघाली, दोन दमट डब्यातून, दोन धुतली, एक फाटलं. फाटलेलं सगळ्यात फालतू होतं, नाशिककर काका, तुमचंच ऐकलं.

बुकं पुण्याला आणलीयत, उभी ठेवलीयत. हायग्रोमीटर इथे ५२ दाखवतो. रत्नागिरीच्या रिकाम्या कपाटात ठेवून बघितला तर ७४, तेही नोव्हेंबरात.

मडगावचो_पोस्टमन

मस्त! एक विचारायचं राहिलं, कपाट साफ करताना खडूच्या पुरचुंड्या निघाल्या म्हणालात. किती होत्या? कुठे होत्या?

रत्नागिरीची_लेक

प्रत्येक खणाच्या चारही कोपऱ्यांत एकेक, मलमलीच्या फडक्यात बांधलेल्या. मला वाटलं शाळेतून आणलेले उरलेले खडू. का?

मडगावचो_पोस्टमन

खडू ओल ओढतो ताई. सिलिका जेलइतकी नाही, पण ओढतो. चांदीच्या भांड्यांत ठेवायचे ना पूर्वी. दर उन्हाळ्यात वाळवून परत ठेवत असणार ते.

रत्नागिरीची_लेक

मे महिन्यात गच्चीवर सुपात खडू वाळत असायचे. आम्ही हसायचो त्यांना. मी टाकून दिले सगळे.

नाशिककर_६२

खडूचा नवा बॉक्स मिळतो ताई. मलमल घरात असेलच.