रबाबाबद्दल थोडं

कुणीतरी लिहिलंय की जगभरचं लोकसंगीत रेकॉर्ड करून ठेवलं की झालं जतन. मला नाही पटत. अफगाणी रबाब या तंतुवाद्याचंच बघा. तुतीच्या एकाच ओंडक्यातून कोरलेलं अंग, वर बकरीचं कातडं, तीन मुख्य तारा आणि शेजारी तरफेच्या. मुख्य तार छेडली की तरफा आपोआप गुणगुणायला लागतात. आपल्या सरोदाचा हा पूर्वज.

२०२३ मध्ये अफगाणिस्तानातल्या हेरातला तालिबानने वाद्यं रचून जाळली, ते फोटो पाहून पोटात कालवलं होतं. ध्वनिमुद्रणं आहेत हो शिल्लक, पण कातडं किती ताणायचं ते बोटांनी जाणणारा कारागीरच उरला नाही तर?

काबूलमध्ये अहमद सरमस्त यांनी २०१० साली सुरू केलेल्या संगीत संस्थेतले विद्यार्थी आणि शिक्षक २०२१ मध्ये देश सोडून पोर्तुगालला गेले आणि तिथे पुन्हा शिकायला-शिकवायला बसले. जतन मी याला म्हणेन. २०२४ मध्ये युनेस्कोने रबाब घडवण्याची आणि वाजवण्याची कला वारसा यादीत घेतली, तेही चांगलंच झालं.

इथे कुणी सरोद शिकत असेल तर एकदा रबाब नीट कान देऊन ऐका. जव्याचा, म्हणजे तार छेडायच्या छोट्या तुकड्याचा, आघात लगेच ओळखीचा वाटेल.